नकाशा केवढा मोठा, पण पार्टी सराईतून हलेना!

एक पत्र आलंय, लांबलचक होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. लिहिणारी पाच प्लेअर्सच्या ग्रुपची डीएम आहे (डंजन मास्टर, म्हणजे खेळातलं जग उभं करून खेळ चालवणारी), डी अँड डीची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाची, पाचवी एडिशन खेळतात. आधीचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, रेडिमेड पुस्तकातलं होतं. ते संपल्यावर एक प्लेअर सहज बोलून गेला, "आपण काहीही केलं असतं तरी शेवटी त्याच किल्ल्यात जाऊन पोचलो असतो ना?" हे तिला चांगलंच लागलं. म्हणून यावेळी सँडबॉक्स, म्हणजे कुठे जायचं ते प्लेअर्सनीच ठरवायचं असं मोकळं जग, करायचं ठरवलं, तीन महिने बसून अख्खा प्रांत बनवला, चाळीस ठिकाणं, बारा गावं, राजघराण्याचा आठशे वर्षांचा इतिहास. पहिल्या सेशनला नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाली, "कुठेही जा, काहीही करा." पार्टी, म्हणजे प्लेअर्सच्या कॅरॅक्टर्सचा गट, सराईत बसली ती बसलीच. तासभर वाद, मग दोघांनी सराईवाल्याशी उगाच भांडण उकरून काढलं, सेशन संपलं. दुसऱ्या सेशनला कंटाळून जंगलात शिरले, फासे टाकून ठरणाऱ्या रँडम एन्काऊंटरमध्ये वायव्हर्न (ड्रॅगनसारखा उडता राक्षस) निघालं, दोन कॅरॅक्टर मेली. आता एक जण विचारतो "स्टोरी कुठेय?", एक जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, आणि ज्याच्या बोलण्यावरून हे सगळं सुरू झालं तोच म्हणतो, "तू काय ठरवलंयस ते सांग ना, आम्ही तिकडे जातो." तिचे प्रश्न तीन: माझे प्लेअर्स सँडबॉक्सच्या लायकीचेच नाहीत का? त्यांना क्वेस्ट (कामगिरी) दिला तर ते परत रेलरोडिंगच, म्हणजे डीएमने ठरवलेल्या रुळावरून नेणंच, झालं ना? आणि जे तयार करते ते सोडून भलतीकडेच जातात, तर तयारी करायची तरी किती?

अगं, आधी त्या लायकीचं बघू, कारण तो शब्द वाचून मला जरा खटकलं.

पहिल्या सेशनला तुझ्या प्लेअर्सना नक्की काय माहीत होतं ते आठवून बघ. नकाशावर चाळीस ठिपके. प्रत्येकाला छान नाव, तू पत्रात दोन-तीन लिहिलीयेस, काळा मनोरा, रडती खिंड, राणीचं तळं. तुझ्या डोक्यात यातला एकेक ठिपका जिवंत आहे, तिथे कोण राहतं, काय पुरलंय, तीनशे वर्षांपूर्वी काय झालं, सगळं. त्यांच्यासाठी ती नुसती नावं आहेत. खिंड निवडली काय आणि तळं निवडलं काय, त्यांच्या दृष्टीने नाणं उडवण्यासारखंच. आणि असं असताना माणसं जे करतात तेच त्यांनी केलं, एकमेकांकडे बघत बसले, "तुला काय वाटतं", "मला काहीही चालेल", मग कोणीतरी सराईवाल्याला डिवचलं कारण अख्ख्या जगात तोच एक माणूस समोर होता ज्याच्याबद्दल त्यांना काहीतरी ठाऊक होतं. हे मला आळशी प्लेअर्स वाटत नाहीत. त्यांच्यापुढे पर्याय भरपूर होते, निवडायला आधार मात्र काहीच नव्हता.

आता हेच असं करून बघ. चाळीस ठिपके बाजूला ठेव, सराईत तीन गोष्टी कानावर पडू देत. एक, मिठाच्या तीन गाड्या उत्तरेच्या घाटातून निघाल्या त्याला दोन आठवडे झाले, खाली पोचल्याच नाहीत, व्यापाऱ्याने शोधणाऱ्याला दोनशे मोहरा लावल्यात, दीड दिवसाची वाट. दोन, दक्षिणेच्या पडक्या गढीचं तळघर पावसाने उघडं पडलंय, आत काय आहे कोणालाच माहीत नाही पण दुसरी एक टोळी कालच कुदळी घेऊन तिकडे गेली. तीन, पलीकडच्या टेबलावर एक म्हातारी बसलीये, ती म्हणते राणीच्या तळ्यातून रात्री तिच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज येतो, पैसे नाहीत तिच्याकडे, पण नवरा जादूगार होता आणि त्याची पुस्तकं अजून घरातच आहेत.

बघ, आता वाद होईल तो कामाचा होईल. "गाड्यांचे पैसे पक्के आहेत." "हो, पण गढीला उशीर केला तर ती टोळी सगळं घेऊन जाईल." "मला पुस्तकं पाहिजेत यार." प्रत्येक पर्यायात काय मिळेल याचा अंदाज आहे, धोका कुठल्या प्रकारचा आहे ते कळतंय, किती लांब आहे ते कळतंय, आणि एक निवडलं तर बाकीच्यांचं काय होईल तेही थोडंफार दिसतंय. एवढं असलं की बास. तीन ते पाच गोष्टी एका वेळी पुरतात, त्याच्यावर गेलीस की परत नकाशाकडे टक लावून बसायचं सुरू.

आता तुझा दुसरा प्रश्न याच्यातच येतो. तुला वाटतंय की हुक, म्हणजे साहसाकडे ओढणारी बातमी, दिला म्हणजे आपण त्यांना रुळावर बसवलं. असं कसं? त्या प्लेअरने तक्रार काय केली होती ते परत वाच, तुझ्याच पत्रात आहे. "क्वेस्ट दिलात" असं तो म्हणालाच नाही, तो म्हणाला काहीही केलं असतं तरी तिथेच पोचलो असतो. म्हणजे त्याला खुपलं ते आपल्या करण्याने काहीच बदलत नाही हे. मिठाच्या गाड्यांबद्दल सांगणं रेलरोडिंग नाही. ते गढीकडे गेले आणि तू गुपचूप गढीतच मिठाच्या गाड्या आणून ठेवल्यास, तर ते रेलरोडिंग. व्यापाऱ्याला फसवून दोनशे मोहरा आगाऊ उकळायची त्यांची आयडिया होती, चांगली होती, आणि तू "नाही, तो देत नाही" म्हणून मोडलीस कारण तुला घाटातली मारामारी खेळायचीच होती, तर ते रेलरोडिंग. माहिती द्यायला अजिबात कचरू नकोस, वाटतं त्याच्या दुप्पट दे. डीएमला वाटतं आपण फारच उघड सांगून टाकलं, आणि टेबलाच्या त्या बाजूला अर्धं निसटून गेलेलं असतं.

सगळ्या अफवा खऱ्या असल्याच पाहिजेत असंही नाही. काही खऱ्या, काही अर्धवट, एखादी साफ खोटी. फक्त खोटी असली तरी तिच्या मागे गेल्यावर काहीतरी हाती लागायला हवं, नुसतं "तिथे काहीच नव्हतं" असं झालं की प्लेअर्स पुढच्या वेळी कुठल्याच अफवेच्या मागे जाणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

इथे थोडं जुन्या काळात जाऊन येऊ, कारण सँडबॉक्स म्हणजे काहीतरी नवीन आणि अवघड प्रकार आहे असा तुझ्या पत्राचा सूर वाटला. १९७४ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नसनचा डी अँड डी पहिल्यांदा आला तेव्हा रानावनातल्या भटकंतीसाठी त्यात चक्क दुसऱ्याच एका बोर्डगेमचा षटकोनी घरांचा बोर्ड वापरा असं सुचवलं होतं, ॲव्हलॉन हिल कंपनीचा आउटडोअर सर्व्हायव्हल. म्हणजे हेक्समधून फिरत जायचं, वाटेत जे भेटेल ते भेटेल, हे या खेळात पहिल्यापासून आहे. पण त्या जुन्या खेळात एक इंजिन होतं जे तुझ्या टेबलावर नाहीये. तेव्हा एक्सपीचा (अनुभवाचे गुण, ते साठले की कॅरॅक्टरची लेव्हल वाढते) मोठा वाटा खजिन्यातून यायचा, एक सोन्याचं नाणं सुखरूप परत आणलं की साधारण एक एक्सपी. त्यामुळे "आपण काय करायचं" हा प्रश्न प्लेअर्सना पडायचाच नाही. सोनं बाहेर आहे, लेव्हल सोन्यात आहे, चला. लढून आणलं, चोरून आणलं, राक्षसाला गंडवून आणलं, कसंही.

पाचव्या एडिशनमध्ये एक्सपी मुख्यतः राक्षसांना हरवल्याचे, नाहीतर माइलस्टोन, म्हणजे डीएमला वाटेल तेव्हा लेव्हल. माइलस्टोन स्टोरीवाल्या कॅम्पेनला मस्त चालतो, पण सँडबॉक्समध्ये त्याचा अर्थ नकळत असा होतो की डीएमच्या मनातलं ओळखा, तिकडे जा, मग लेव्हल मिळेल. "तू काय ठरवलंयस ते सांग ना" हे वाक्य मला वाटतं बरंचसं तिथून येतंय. म्हणून तुझ्या जागी मी पहिला बदल हा करेन, लेव्हल कशाने मिळते ते उघड सांगून टाकेन. परत आणलेल्या सोन्यावर एक्सपी दे, किंवा नवीन ठिकाण शोधून त्याची बातमी गावात आणली की एक्सपी, किंवा अगदी सोपं, तीन ठिकाणं नीट धुंडाळली की एक लेव्हल. कुठलाही नियम चालेल, पण तो त्यांच्या हातातला असावा. सोन्यावाला घेतलास तर खजिन्याची आणि लेव्हलची गणितं नीट जुळवून घे, कारण या एडिशनमध्ये ती तशी बांधलेलीच नाहीत.

दुसरं इंजिन म्हणजे कॅरॅक्टर्स स्वतः. चार पानी बॅकस्टोरी मागू नकोस, कोणी लिहीत नाही आणि लिहिली तर तुलाच लक्षात राहत नाही. प्रत्येकाकडून एक वाक्य घे: माझ्या कॅरॅक्टरला काय पाहिजे, असं काहीतरी जे जाऊन मिळवता येईल. "माझ्या भूतकाळात वेदना आहेत" हे इथे कामाचं नाही. "माझ्या बहिणीला ज्याने विकलं त्याला शोधायचंय" हे कामाचं, "मला स्वतःची गढी पाहिजे" हे तर फारच कामाचं कारण गढीला पैसे लागतात, माणसं लागतात, जमीन लागते, एकेक गोष्ट म्हणजे आठ-दहा सेशन. मग ती पाच वाक्यं घे आणि तुझ्या नकाशातल्या पाच ठिपक्यांना चिकटव. आणि आणखी एक वाक्य सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे पाच जण एकत्र का आहेत. हे ठरलं नसेल तर पाच वेगवेगळ्या दिशांना ओढणारी पाच माणसं सराईत बसून राहणारच.

ज्याला स्टोरी पाहिजे त्याच्यावर रागावू नकोस, त्याची मागणी रास्त आहे. सँडबॉक्समध्ये स्टोरी आधी लिहिलेली नसते, ती खेळून झाल्यावर मागे वळून बघितलं की दिसते, हे सगळे म्हणतात आणि खरंही आहे. पण नुसतं हिंडून ती तयार होत नाही. परत परत समोर येणारी माणसं लागतात आणि प्लेअर्स असोत-नसोत स्वतःचं काहीतरी करत राहणारे लोक लागतात. तुझ्या जगात आठशे वर्षांचा इतिहास आहे, पण या महिन्यात कोण काय करतंय ते पत्रात कुठेच सापडलं नाही मला.

यासाठी क्लॉक नावाची एक सोपी युक्ती आहे. २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्क या गेममुळे बऱ्याच जणांना माहीत झाली, त्याच्या आधी २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्येही होती. एक गोल काढायचा, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, आणि एखाद्या टोळीचा बेत पुढे सरकला की एकेक भाग भरायचा. मिठाच्या गाड्यांचंच घे. त्या पळवल्यात भैरा नावाच्या डाकूने असं समज, आणि त्याला पाहिजे आहे नदीवरचा पूल, कारण पूल ज्याचा त्याचा सगळा व्यापार. सहा भागांचा क्लॉक. पहिला भाग भरला, भैराने लढाईतून परत आलेले बेकार शिपाई जमवले. दुसरा, घाटात जकात वसूल करायला लागला. तिसरा, गावात मिठाचा भाव दुप्पट, सराईत जेवण अळणी मिळतंय. चौथा, गावचा लोहार रात्री उशिरापर्यंत काम करतोय आणि कोणासाठी ते सांगत नाही. पाचवा, पूल गेला. सहावा, गावाचा नवीन मुखिया भैराचा माणूस.

दर सेशननंतर एक भाग भर. पार्टी तिकडे गेली आणि काही बिघडवून आली तर भरू नकोस, किंवा एक खोड. पार्टी तळ्याकडेच रमली तर भरत जा. कधीतरी ते परत येतील, अळणी जेवण समोर येईल, आणि कोणीतरी म्हणेल "अरे, त्या गाड्या! आपण गेलोच नाही." आता ही स्टोरी झाली, आणि त्यांनी न केलेल्या गोष्टीतून झाली. ज्या प्लेअरला आपल्या करण्याने काही बदलत नाही असं वाटत होतं त्याला हे बरोबर कळेल.

असे तीन क्लॉक ठेव, जास्त नको. मी सात-आठ क्लॉकवाले डीएम बघितलेत, दर आठवड्याला हिशोब लिहीत बसतात आणि त्यातलं टेबलावर काहीच पोचत नाही. जे प्लेअर्सना जाणवणार नाही ते घडलंच नाही असं समज. आणि हो, हे चालायचं तर दिवस मोजावे लागतात. आज कॅम्पेनमधला कितवा दिवस, गढीला जाऊन यायला किती दिवस गेले, वहीत एका कोपऱ्यात लिहीत जा. गायगॅक्सने १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये वेळेची नोंद ठेवण्यावर केवढा जोर दिलाय, मोठ्या लिपीत ओरडून सांगितलंय जवळजवळ. बाकी त्याच्या सगळ्या सूचना पाळाव्यात असं मी म्हणणार नाही, पण ही पाळ.

आता ते वायव्हर्न. एन्काऊंटरच्या तक्त्यावर जे आलं ते आलं, हे तत्त्व मला मान्य आहे, सँडबॉक्समध्ये जग पार्टीच्या लेव्हलप्रमाणे आकुंचन पावत नाही. पण वायव्हर्नचा चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) ६ आहे आणि तुझी पार्टी नुकतीच सुरुवात केलेली, म्हणजे ते निघालं आणि लगेच तुटून पडलं तर दोन मरणं ही काही प्लेअर्सची चूक धरता येत नाही. एन्काऊंटर निघालं म्हणजे मारामारीच, हे कुठे लिहिलंय? डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक सेटमध्ये राक्षस भेटला की दोन सहाबाजूचे फासे टाकून त्याचा मूड बघायचे. लगेच हल्ला फक्त २ आल्यावर, म्हणजे ३६ पैकी १ वेळा. ३ ते ५ आलं तर तो चिडलेला, हल्ला करू शकतो, हे ३६ पैकी ९ वेळा. ६ ते ८ म्हणजे त्याचं काही ठरत नाहीये, हे तर ३६ पैकी १६ वेळा. उरलेल्या १० वेळा तो निघून जातो, बोलणं ऐकून घेतो, अगदी १२ पडले तर मैत्रीसुद्धा करतो. हे फासे तुझ्या टेबलवर आणलेस तर अर्धं जग मारामारीशिवाय उघडं होईल.

आणि दिसण्याआधी चाहूल लागली पाहिजे. तक्त्यात नुसतं "वायव्हर्न १" असं लिहू नकोस, ते काय करतंय ते लिही. "वायव्हर्न, अर्धा खाल्लेला घोडा पंजात, सुळक्यावर बसून पेंगतंय." आता पार्टीला आधी घोड्याचा उरलेला भाग सापडेल, वर बघतील, दबक्या आवाजात बोलायला लागतील. मागे फिरायचं, वळसा घालायचा, की पेंगतंय तोवर घोड्याच्या खोगिरातली थैली काढायची, हे त्यांच्यावर. मेले तरी मग आपल्या निर्णयाने मेले, तक्रार करणार नाहीत. म्हणजे करतील, पण एकमेकांविरुद्ध करतील.

याला जोडून अजून एक. जितकं गावापासून लांब तितकं धोकादायक, असा ढोबळ नियम नकाशावर ठेव आणि तो प्लेअर्सना उघड सांग. बेन रॉबिन्स या डीएमच्या वेस्ट मार्चेस नावाच्या कॅम्पेनमध्ये असंच होतं, त्याने २००७ मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून सँडबॉक्सचा विषय निघाला की ते नाव निघतंच. गाव सुरक्षित, आणि गावात मुद्दाम काहीच भानगडी नाहीत, साहस सगळं बाहेर रानात. मला त्यातलं हे सगळ्यात आवडतं, कारण सराईत बसून राहण्यात काही मजाच उरत नाही. तुझ्या बारा गावांपैकी अकरा सध्या मिटून टाक असं म्हटलं तर तुला राग येईल, पण विचार कर. एक गाव, एक डंजन (धोक्यांनी आणि खजिन्याने भरलेलं तळघर किंवा अवशेष), आजूबाजूचे सात-आठ हेक्स. सहा मैलांचा एक हेक्स धर, पाचव्या एडिशनच्या साध्या चालीने दिवसाला चोवीस मैल होतात म्हणजे सपाट रस्त्याने चार हेक्स, गणित तोंडी होतं. उरलेला प्रांत कुठे पळून जात नाही. जसजसे जातील तसतसा उघड.

इतिहास फेकू नकोस, फक्त सांगू नकोस. तो तळघरातल्या नाण्यांवर उमटू दे, कोणा राजाचं नाक खोडलेलं आहे नाण्यावर, का खोडलं ते विचारलं कोणी तर मग सांग. आणि प्लेअर्सना द्यायचा नकाशा अर्धवट दे. १९८१ च्या आइल ऑफ ड्रेड या मॉड्यूलमध्ये, म्हणजे रेडिमेड साहसाच्या पुस्तकात, प्लेअर्सच्या नकाशावर बेटाचा किनारा असतो आणि आतला भाग जवळजवळ कोरा. कोऱ्या जागेकडे बघून माणसाचा हात शिवशिवतो. चाळीस नावं छापलेल्या नकाशाकडे बघून असं काही होत नाही, उलट दडपण येतं.

तयारीचं आता सोपं आहे. प्रत्येक सेशनच्या शेवटची दहा मिनिटं राखून ठेव आणि विचार, "पुढच्या वेळी कुठे?" उत्तर घेतल्याशिवाय कोणाला उठू देऊ नकोस. बास, तू फक्त तेवढंच तयार करायचं. वेस्ट मार्चेसमध्येही हेच होतं, दहा-चौदा जणांमधून ज्यांना जायचंय त्यांनी आपापसात ठरवायचं कधी आणि कुठे, म्हणजे डीएमला आधीच माहीत की कुठला भाग लागणार. "मी तयार करते ते सोडून भलतीकडे जातात" ही तक्रार बहुतेक वेळा ऐन सेशनच्या सुरुवातीला दिशा विचारल्यामुळे येते. आणि मध्येच मत बदललं तर? तर सरळ सांग, "तिकडचं तयार नाहीये, आज गढी करू, तिकडे पुढच्या वेळी." मोठी माणसं आहेत, समजून घेतात. ऐन वेळेसाठी दोन-तीन गोष्टी कुठेही वापरता येतील अशा ठेव, एक पडकं देऊळ, एक फिरता वैदू, नावांची एक यादी. नावांची यादी विसरू नकोस, नाहीतर तिसऱ्या एनपीसीचं (डीएमने चालवलेल्या पात्राचं) नावही भैराच निघतं.

मोबाईलवाल्याबद्दल फार बोलत नाही, कारण बहुतेक वेळा असा माणूस त्या तासभराच्या वादातच हरवलेला असतो, वाद गेला की परत येतो. वाद पाच मिनिटांच्या वर गेला तर तू मध्ये पड: "मी ऐकलं ते असं, गाड्या किंवा गढी, अजून काही? नसेल तर हात वर करा." डीएमने हे केलं तर स्वातंत्र्य जात नाही कोणाचं. तरीही तो मोबाईलमध्येच राहिला तर बाजूला घेऊन विचार, टेबलावर सगळ्यांसमोर नको.

आता हे सगळं करूनसुद्धा त्यांना नाही आवडलं तर? होऊ शकतं. काही ग्रुपना दिलेल्या मिशनमध्ये "कसं" ठरवायला मजा येते, "काय" ठरवायला येत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. रेडिमेड पुस्तकाकडे परत गेलीस तर हरलीस असं मनात आणू नकोस. मधली वाटही आहे: एक मोठा उद्देश ठरलेला, उदाहरणार्थ भैराला पुलापासून रोखणे, आणि तो कोणत्या क्रमाने, कोणाच्या मदतीने, की त्यालाच जाऊन मिळून, ते पूर्ण मोकळं. पण हे तू एकटीने अंदाज बांधून ठरवू नकोस, चार-पाच सेशन झाल्यावर त्यांना विचार.

तू लगेच काय करायचं ते सांगते. दोन कॅरॅक्टर मेलीत म्हणजे दोन नवीन येणार, ही उलट चांगली संधी आहे. त्या दोघांना आधी गाठ. एकाला म्हण, तू त्या मिठाच्या गाड्यांबरोबर होतास, एकटाच वाचलास, हल्ला करणाऱ्यांच्या ढालीवर जुनं लष्करी चिन्ह होतं एवढंच तुला आठवतंय. दुसऱ्याला म्हण, तू गढीवर गेलेल्या त्या टोळीत होतीस, त्यांनी तुला वाटा न देता हाकललं, पण तळघराच्या पहिल्या दोन खोल्या तू बघितल्यायस. म्हणजे माहिती तुझ्या तोंडून न येता प्लेअर्सच्याच तोंडून येईल, आणि त्या दोघांना मेल्याचं दुःखही राहणार नाही.

मग ग्रुपवर असा मेसेज टाक, "पुढच्या सेशनला तीन गोष्टी समोर आहेत: घाटातल्या गाड्या, गढीचं तळघर, तळ्यातला आवाज. लेव्हल कशाने मिळेल ते खाली लिहिलंय. सेशनच्या दोन दिवस आधीपर्यंत एक निवडा, मी तेवढंच तयार करणार आहे. सेशन सराईत सुरू होणार नाही, जे निवडाल त्याच्या दारात सुरू होईल. कोणीच उत्तर दिलं नाही तर नवीन कॅरॅक्टरवाले दोघं ठरवतील." चौथंच काहीतरी सुचवलं त्यांनी तर हरकत घेऊ नकोस, दोन दिवस आहेत तुझ्याकडे.